त्रेसष्टावी बंडी

माझ्या थोरल्या भावाचं लग्न झालं तेव्हा मी रंगभूमीवर राजे करत होतो. लग्नाला महिना झाला नसेल, भावानं नव्या नवरीला नाटकाला आणलं. तिसऱ्या अंकात मी रणांगणावर पडायचो, आणि मी पडलो की पुढच्या दोन रांगांतून नाकं ओढल्याचे आवाज यायचे. त्या दिवशीही आले. प्रयोगानंतर दोघं आत भेटायला आले. मी तोंडावरचा रंग पुसत होतो. भाऊ बायकोला म्हणाला, "सांग की, कसं वाटलं." वहिनी माझ्या चिलखताकडे बघत होत्या. चिलखत म्हणजे जाड सुतळीचा विणलेला अंगरखा आणि त्यावर रुपेरी रंग. त्यांनी त्याची बाही दोन बोटांत धरली, जरा चोळली आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे उलटं घातलंय तुम्ही. विणीची आतली बाजू बाहेर आलीय."

तेव्हा मला राग आला होता. दोन वर्षं मी ते चिलखत तसंच घालत होतो आणि एकानंही ओळखलं नव्हतं. आज वाटतं, त्या गर्दीत खरोखर काही पाहिलेली ती एकच बाई असावी.

वहिनी लग्नाच्या आधीपासून विणकामाच्या कारखान्यात होत्या. घरापासून चालत वीस मिनिटं. लांबलचक दालन, त्यात दोन ओळींत गोल मशीनं, प्रत्येकाच्या डोक्यावर धाग्याच्या कोनांचा मुकुट, आणि खालून नळीसारखं उतरत येणारं कापड. सगळीकडे तेलाचा वास आणि हवेत तरंगणारा कापूस. घरी आल्या की आधी आरशासमोर उभ्या राहून त्या भुवयांतला कापूस काढायच्या. भाऊ म्हणायचा, "कामावर जाताना बायको जाते आणि येताना सासू येते."

त्यांच्या मशीनवर जे कापड निघायचं ते साधं नव्हतं. एकदा जेवताना मी विचारलं तर त्यांनी दोन्ही हात धुऊन पुसले, तळवे समोरासमोर धरले आणि मधे बोटाएवढी फट ठेवली.

"ही बाहेरची बाजू, आगीकडे तोंड करून. ही आतली, अंगाकडे. मऊ, घाम ओढणारी. आणि मधे उभे धागे, खांबासारखे. या दोघींना ते जवळ येऊ देत नाहीत. तिन्ही एकाच वेळी विणायचं, शिवण नाही, डिंक नाही."

"म्हणजे सासू-सुनेच्या मधे मुलगा," भाऊ म्हणाला.

"मुलगा वाकतो. हा धागा वाकून चालत नाही."

"मग आग अडते का त्यानं?" मी विचारलं.

"अडत नाही. उशीर होतो तिला. मधली हवा तापेपर्यंत माणूस बाजूला होतो. आमचं काम तेवढंच."

भट्टीवर, ओतकामावर, काचेच्या कारखान्यात काम करणारे लोक जाड कोटाच्या आत या कापडाची बंडी घालायचे. अर्थात मधला धागाही न जळणारा, न वितळणारा हवा. तो महाग होता. त्याच कारखान्यात बुटांच्या अस्तरासाठी आणि गुडघ्याच्या पट्ट्यांसाठी अगदी तसंच तिहेरी कापड निघायचं, पण त्याच्या मधे साधा धागा असायचा, तापला की मेणासारखा वितळणारा. दोन्ही धागे पांढरे. शेजारी ठेवले तर विणणाऱ्यालाही ओळखू येत नाहीत.

नव्या कोनावर चिठ्ठी चिकटवलेली असते. घोटाळा अर्ध्या कोनांचा. एक काम संपलं की मशीनवरून अर्धे उरलेले कोन उतरतात, तोवर तेलानं चिठ्ठी सुटून गेलेली असते, आणि महागडा धागा फेकवत नाही. ते सगळे एका पेटीत पडायचे. नियम असा की प्रत्येक कोनाचा वीतभर धागा तोडायचा आणि काडी लावून बघायची. काळी राख झाली तर तो आगीचा, टोकाला गोळी धरली तर साधा. नियम भिंतीवर टांगलेला होता. आणि टेबलाशी वहिनी होत्या.

दर शनिवारी ती पेटी त्यांच्यापुढे यायची. त्या कोनाचं टोक अंगठा आणि पहिल्या बोटात धरायच्या, जरा ओढायच्या, आणि कोन डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायच्या. चहा निवायच्या आत चाळीस कोन. पहिल्या काही वर्षांत लोकांनी मागून काड्या लावून पडताळलं होतं, एकही चुकला नव्हता. पुढे कुणी काडी शोधायच्या भानगडीत पडेना. "मोठ्या बाईंनी हात लावला ना? मग झालं," एवढ्यावर काम चालायचं. कारखान्यात त्यांना मोठ्या बाई म्हणत. नवीन आलेल्या मुली त्यांच्या शेजारी उभ्या राहून बोटं चोळून बघायच्या आणि हताश व्हायच्या. वहिनी म्हणायच्या, "घाई नको. मला सात वर्षं लागली."

भाऊ गेला, पुढे आमची नाटक कंपनीही बंद पडली, आणि मी दोन ट्रंका घेऊन वहिनींच्या पुढच्या खोलीत राहायला आलो. त्यांनी एवढंच विचारलं, "पहाटे उठून आवाज लावणार का?" मी म्हटलं, आता आवाजच उरला नाही. "मग राहा," त्या म्हणाल्या. आम्हा दोघांचं बरं चाललं होतं. त्या कामावर जायच्या, मी भाजी आणायचो आणि दूध तापवायचो.

एका रविवारी सकाळी मी दुधाचं पातेलं उतरवत होतो. धरायला नेहमीचं फडकं घेतलं. आमच्या घरातली सगळी फडकी म्हणजे कारखान्यातल्या ताग्यांचे काठाचे तुकडे. भट्टीसाठीचं कापड, त्यामुळे पातेलं धरायला त्यासारखं दुसरं नाही. फडक्याचा कोपरा लोंबून आचेत गेला, माझं लक्ष नव्हतं. पातेलं ओट्यावर ठेवलं आणि फडकं सुटेना. कडेला चिकटलं होतं. ओढल्यावर दूध सांडलं, काळा चिकट तंतू निघाला आणि त्याचा थेंब माझ्या अंगठ्यावर पडला. मी हात नळाखाली धरला आणि रंगभूमीवर कधी न उच्चारलेले दोन शब्द उच्चारले.

वहिनी आल्या. माझा अंगठा पाहिला, ठीक आहे म्हणाल्या, आणि मग फडकं हातात घेतलं. बराच वेळ त्या ते उलटंसुलटं करत राहिल्या. बाहेरची बाजू नुसती काळवंडली होती. आतलीही शाबूत होती. मधून डांबरासारखं काहीतरी पाझरलं होतं. त्यांनी सुईनं मधला एक धागा ओढून काढला, काडी ओढली, धाग्याला लावली. टोकाला गोळी झाली.

"हे फडकं मी कधी आणलं?"

"परवा. शुक्रवारी. जुनं टाकलंत ना."

त्या स्टुलावर बसल्या. दूध सांडलेलं तसंच होतं, त्यांनी पुसलं नाही. असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"हा माझ्या मशीनवरच्या ताग्याचा काठ आहे," त्या म्हणाल्या. "आगीच्या कामाचा तागा. मधेच धागा संपला होता, म्हणून अर्धा कोन लावला. मीच निवडलेला."

"एखादा चुकला असेल, वहिनी."

"चुकला नाही. मला कळलाच नाही." त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं पुढे केली. "आठ महिने झाले. मशीनची सुई बोटात गेली, रक्त दिसलं तेव्हा समजलं की गेली. डॉक्टर म्हणाले साखर आहे, नसा मेल्यात. टोकाला काही लागत नाही मला. मऊ नाही, खरखरीत नाही, काही नाही."

"आणि तरी दर शनिवारी—"

"अंदाजानं. वजनावरून, कोनाच्या नळीवरून. कधी कधी वाटायचं की लागतंय."

"सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही शेवटी शेवटी संवाद विसरायला लागलात, तेव्हा काय केलंत? मागून संवाद सांगणाऱ्याला विंगेत दोन पावलं पुढे उभं केलंत. मला विंग नाही, भाऊजी. त्या टेबलावरून उठले की मी नुसती एक म्हातारी बाई."

ते खरं होतं. त्यांनी बोटं मिटली आणि हिशेब मांडला, माणसांचा. त्या ताग्याच्या बंड्या शिवून झाल्या होत्या. त्रेसष्ट बंड्या. गुरुवारी काचेच्या कारखान्यात गेल्या. म्हणजे आत्ता त्रेसष्ट माणसं भट्टीपुढे त्या घालून उभी असणार. कोटाला भोक पडलं, फुंकनळीवरून तापलेली काच उडाली, तर बाहेरची बाजू टिकेल आणि मधला धागा वितळून मऊ अस्तरातून पाठीत उतरेल. आणि बंडी त्वचेसकटच निघेल.

सोमवारी सकाळी त्या मला म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. तुम्हाला मोठ्यानं बोलता येतं." मी कोट घातला. वाटेत दोन-तीन वाक्यं मनात जुळवली. ती अजून माझ्याकडेच आहेत. तिथे पोचल्यावर त्यांनी मला दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि सगळं स्वतःच बोलल्या.

सुपरवायझरला कारखान्यात सगळे घड्याळ म्हणत, कारण तो कुणाशीही बोलताना मनगटाकडे बघायचा. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं फाइल उघडली.

"मोठ्या बाई, लॅबनं पास केलाय हा तागा. हे बघा सही."

"लॅबला तुकडा कुठला गेला?"

"सुरुवातीचा. नेहमीसारखा."

"कोन मधे बदलला. सुरुवातीचा तुकडा पास होणारच."

घड्याळानं फाइल मिटली. आवाज खाली आणला. "एक तर त्यावर कोट असतो. कोटाला काही झालं तरच बंडीचा प्रश्न. तुमचे आठ महिने राहिलेत निवृत्तीला. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"मालकीणबाई आल्यात का?" वहिनींनी विचारलं.

मालकीणबाई आल्या होत्या. वडिलांच्या मागे त्यांनी कारखाना चालवायला घेतला तेव्हा पहिल्या दिवशी मशीनवर धागा लावायला वहिनींनीच शिकवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फडकं पाहिलं, जळलेला धागा पाहिला. पण बोटांची गोष्ट त्यांना पटेना. "एका कोनावरून असं म्हणता येत नाही. तुम्ही थकला असाल," त्या म्हणाल्या. मला वाटतं, त्यांना ते पटवून घ्यायचं नव्हतं. तीस वर्षांचं काम या दोन बोटांवर उभं होतं, आणि बोटं गेली असतील तर आठ महिन्यांतला प्रत्येक शनिवार तपासायला लागणार होता.

"पेटी मागवा," वहिनी म्हणाल्या.

पेटी आली. तिच्यामागे शेजारच्या मशीनवरची मुलगी आली, सगळे जिला धाकटी म्हणत, आणि तिच्यामागे निम्मं दालन. मशीनं चालू होती, पण बायका दाराशी जमल्या. मालकीणबाईंनी चिठ्ठ्या नसलेले सहा कोन टेबलावर मांडले. वहिनींनी पदरानं डोळे झाकले. मी आयुष्यभर लोकांसमोर उभा राहिलो, त्या दिवशी मला तिकडे बघवेना. एकेक टोक त्यांनी अंगठ्यात आणि बोटात धरलं, ओढलं, कोन बाजूला ठेवला. तीन डावीकडे, तीन उजवीकडे. ओढायची ढब तीच होती, चाळीस कोनांची.

धाकटीनं एकेक धागा तोडून काडी लावली. राख. गोळी. गोळी. राख. गोळी. राख. तीन चुकले होते.

"तीन तर बरोबर आहेत की," घड्याळ म्हणाला.

"तीन तुम्हीही सांगाल, साहेब, मनगटाकडे बघत बघत."

वहिनींनी पदर खाली घेतला आणि मालकीणबाईंना म्हणाल्या, "आता काचवाल्यांना फोन करा."

फोन झाला. इकडे आठ महिन्यांतल्या सगळ्या ताग्यांचे जपून ठेवलेले काठ काढले गेले, आणि धाकटी आणि आणखी दोघी दिवसभर काड्या ओढत बसल्या. दुसरा तागा सापडला नाही. त्याचं श्रेय घड्याळानं नशिबाला दिलं, वहिनींनी कुणालाच दिलं नाही. मंगळवारी संध्याकाळी बंड्यांचे गठ्ठे परत आले. वहिनींनी स्वतः मोजले. दोनदा मोजले. बासष्ट.

त्रेसष्टावी एका भट्टीवाल्याच्या अंगावर होती. तो चार दिवस रजेवर होता आणि बंडी घालूनच घरी गेला होता. बुधवारी दुपारी त्याची पाळी होती. काचेच्या कारखान्यानं कळवलं, तो आला की गेटवर काढून घेऊ.

"गेटवर कोण उभं असतं?" वहिनींनी मला विचारलं, जणू मी तिथला होतो. "दोनशे माणसं एकदम आत शिरतात. तो नेहमीप्रमाणे कोट चढवणार आणि भट्टीवर जाणार." त्यांनी पत्ता मिळवला.

बुधवारी सकाळी आम्ही गेलो. बोळातून आत, तिसऱ्या मजल्यावर, जिन्यात सायकली आणि पाण्याचे डबे. दार त्याच्या बायकोनं उघडलं. बंडीचं नाव काढताच ती म्हणाली, "न्या हो न्या. चार दिवस अंगातून काढली नाही यांनी. झोपताना तीच, जेवताना तीच. म्हटलं लग्न तिच्याशीच लावायचं होतं."

तो आतून आला. पन्नाशीचा, खांदे रुंद, भुवया जवळजवळ नाहीत, भट्टीनं नेलेल्या. अंगात बंडी होती. त्यानं आम्हाला बसवलं आणि सगळं ऐकल्यावर मान हलवली.

"नाही देत."

"का?"

"बाई, सव्वीस वर्षं झाली मला भट्टीवर. आजवर मिळाली ती प्रत्येक बंडी घामानं पाठीला डसायची. ही पहिली, जिच्यात पाठ कोरडी राहते. दोन दिवस काम केलं हिच्यात, घरी येऊन माणसासारखा बोलायला लागलो. विचारा हिला."

"बोलतात खरं," बायको म्हणाली. "नको तितकं."

"तुम्ही ही नेणार आणि मला परत ती जुनी गोणपाटं देणार. आणि म्हणणार नवी येईल. नवी कधी येत नाही."

मी घसा साफ केला. इथे माझी वाक्यं चालली असती. वहिनींनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला.

"कोरडी राहते ते खरंय," त्या म्हणाल्या. "आतली बाजू चांगली विणलीय मी. मधला धागा चुकीचा लावलाय. तुमच्या कोटाला भोक पडलं तर तो वितळेल आणि तुमच्या अंगाला चिकटेल. मग ही काढता येणार नाही, कापून काढावी लागेल, आणि नुसती हीच नाही कापली जाणार. दुसऱ्या कुणाची चूक नाही. माझ्या बोटांना धागा कळेनासा झालाय, आणि ते मी आठ महिने लपवलं."

खाली बोळात कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

"हे तुम्ही मला कशाला सांगता?" तो म्हणाला. "दुसरं काहीही सांगून नेली असती तरी चाललं असतं. मापात घोळ आहे, म्हणायचं."

"मग तुम्ही दिली असती?"

"नाही."

"म्हणून."

त्यानं बंडी डोक्यावरून काढली. वळून बायकोकडे शर्ट मागितला तेव्हा त्याची पाठ दिसली. डाव्या खांद्याखाली तळव्याएवढा जुना डाग होता, चकचकीत, ओढल्यासारखा. तो कशाचा हे वहिनींनी विचारलं नाही. त्यांनी बंडी घेतली आणि उलटी केली. मग एक विचित्र गोष्ट केली. काठाचा मधला एक धागा सुईनं उचलला आणि बोटात धरायच्या ऐवजी ओठाला लावला. डोळे मिटून दोन्ही ओठांमधून ओढला.

"हीच आहे. साधा धागा," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "ओठांना कळतंय."

"मग टेबलावर परत—" मी म्हणालो.

"नाही, भाऊजी. दर शनिवारी चाळीस कोन ओठांतून ओढत बसू? काड्या आहेत की. काडी म्हातारी होत नाही."

त्यांनी त्याच्या छातीचं माप पट्टीनं घेतलं, खांद्यांचं घेतलं, दंडांचं घेतलं आणि कागदावर लिहून ठेवलं. त्या दुपारी तो जुन्या बंडीत भट्टीवर गेला.

पुढचं फार नाही. पेटीचं टेबल काढून टाकलं. प्रत्येक अर्ध्या कोनाला आता काडी लागते, आणि तोवर चहा निवतो, दुसरा आणावा लागतो. वहिनींना मालकीणबाईंनी रजेवर जायला सांगितलं, त्या गेल्या नाहीत. त्यांना गेटजवळच्या खोलीत बसवलं. गिऱ्हाइकांकडून परत आलेला माल तिथे येतो. ती बसायला कुणी मागून घेईल अशी जागा नव्हे, कारण तिथे येणारा प्रत्येक माणूस चिडलेला असतो. वहिनींनी पहिल्या दिवशी खिडकी पुसली आणि बसल्या.

नवी बंडी धाकटीनं विणली, तिच्या धाग्याला तिनंच काडी लावली, आणि तीन आठवड्यांनी ती भट्टीवाल्याला पोचली. त्यानंतरच्या सोमवारी मी वहिनींचा डबा द्यायला गेलो होतो. तो आला. बंडी अंगातच होती, वर शर्ट उघडा. खिडकीतून वाकून म्हणाला, "बाई, काखेत आवळतंय."

वहिनींनी उठून पाहिलं. दंड वर करायला लावला, खाली करायला लावला.

"धुतल्यावर सैल पडेल."

"आणि नाही पडली तर?"

"तर मला आणून द्या. मी इथेच असते."

तो बटणं लावत गेटबाहेर गेला. वहिनींनी डबा उघडला. पुढचे सात महिने, निवृत्त होईपर्यंत, त्या खिडकीत बसल्या, ती बंडी काही परत आली नाही.